कोकणचे ऊन, कोकणचे ताट



चैत्र सरत आला, शाळांच्या परीक्षा आटोपल्या, की आपल्या गावात घरोघर एकच बोलणे ऐकू येते. कोकणात कधी उतरायचे? पाटण, हेळवाक, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. कराडपासून जेमतेम शंभर किलोमीटर. पुढे गुहागरचा समुद्र हाकेवर. चार दिवस वाळूत हिंडावे, नारळीच्या सावलीत पडावे, आंबे खावेत आणि परतावे, असा आपला क्रम. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या गावाला आपण केवळ हवापालटासाठी जातो, त्या गावाशी आपला दोन हजार वर्षांचा व्यवहार आहे, आणि त्या व्यवहाराचा हिशेब तिथल्या जेवणाच्या ताटात अजून वाचता येतो, हे सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे.

हा विषय मला सुचला तो माझ्या नातीमुळे. ती पुण्यास शिकते. तिने अलीकडे दूध, दही, तूप आणि मध ही सर्व वर्ज्य केली आहेत. या आचाराला व्हीगन असे नाव आहे. हा शब्द फार जुना नव्हे. 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी तो रूढ केला आणि त्याच नावाची संस्थाही काढली. आमच्या घरात मात्र मोठीच पंचाईत झाली. आपण घाटावरचे शाकाहारी लोक मांसमासळी सोडतो खरे, पण आपले ताट उभे असते ते म्हशीच्या जिवावर. ताक नाही, तूप नाही, तर पाहुण्याला वाढायचे काय? सर्वजण पोरीची काळजी करीत बसले. मी म्हणालो, हिला घाटाखाली घेऊन चला, तिथे ही उपाशी राहणार नाही. हे मी इतिहासाच्या भरवशावर बोललो होतो. मागील वैशाखात आम्ही गेलो, आणि माझा भरवसा बराचसा खरा ठरला. बराचसा म्हणतो, पुरता का नाही, ते पुढे येईलच.

प्रथम आपल्या गावाची गोष्ट. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीवर मांदाड नावाचे जुने बंदर होते. त्याच्याजवळ कुडे येथे डोंगरात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लेण्याच्या ओट्यावर उभे राहिले की खाडीचे पाणी दिसते. तिथल्या एका लेण्यावरील ब्राह्मी लेख सांगतो की हे लेणे महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिले, आणि तो राहणारा होता करहाकडचा. करहाकड म्हणजे आपले कराड. श्रोतेहो, समुद्रकाठी गेलेला आणि आपले नाव मागे ठेवलेला, मला ठाऊक असलेला हा सर्वांत जुना कराडकर. लेख अठराशे वर्षांपूर्वीचा तरी आहेच. त्याहीपूर्वी मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपाला करहाकट नगराने दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे गाव संपन्न होते आणि हिंडते होते. आपल्या आगाशिवच्या डोंगरातील लेणी याच संपन्नतेची साक्ष देतात. पण महिक मला विशेष आवडतो तो एवढ्याचसाठी की तो राजा नव्हे, सरदार नव्हे, पंडित नव्हे. तो दुकानदार होता. सह्याद्री ओलांडून तो खाली उतरला तो समुद्र पाहावयास नव्हे, माल विकावयास.

त्याने खाली काय पाहिले असेल? नारळाची झाडे खासच पाहिली असतील. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा. त्यात त्याने नानंगोल गावची बत्तीस हजार नारळाची झाडे ठिकठिकाणच्या चरकांच्या समुदायांना दिल्याचे नमूद आहे. शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, त्या ठिकाणांत येते. बत्तीस हजार ही संख्या दानलेखातली आहे, तेव्हा ती थोडी सैल हाताने घ्यावी. तरी किनाऱ्यावर नारळाची नीट लागवड होत होती आणि ते दान देण्याजोगे धन मानले जात होते, एवढे त्यावरून निश्चित कळते. गाईंचे दान तर त्याच उषवदाताने दिलेच आहे. पण किनाऱ्याचे खरे गोधन हे नारळच होते, असे मला हा लेख वाचताना नेहमी वाटते.

त्यानंतरची बंदरांची कहाणी आपण शाळेत वाचलेली असते, म्हणून मी ती भरभर सांगतो. चौलचे नाव पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दीच्या पुस्तकात सेमुल्ला असे येते. बहामनी काळात दाभोळ भरभराटीस आले. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात चौलला उतरला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला, बिदर पाहिले आणि परत जाताना दाभोळहून जहाज धरले. त्याने येथील हिंदूंच्या जेवणाचे वर्णन करून ठेवले आहे. भात, खिचडी, लोणी, दुधातुपात शिजवलेल्या भाज्या, असे ते आहे. हे ताट देशावरचे आहे हे आपल्या तात्काळ ध्यानात येईल. तो राहिला तिकडेच जास्त. किनाऱ्यावरच्या गरिबाच्या घरी तो जेवला असता तर त्याने निराळे लिहिले असते. पुढे 1508 च्या डिसेंबर महिन्याअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने दाभोळ जाळले. राजापूरला इंग्रजांची वखार होती, ती शिवाजी महाराजांनी 1661 साली लुटली. वेंगुर्ल्यास डचांची होती. 1664 साली मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. ज्यांना किल्ले पाहावयाचे आहेत त्यांनी सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन तरी जरूर पाहावेत. मी आज किल्ल्यांच्या तटाबाहेर, स्वयंपाकघराकडे वळणार आहे.

पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले, पण त्यांच्याच जहाजांतून आपल्या ताटात काय काय आले ते पाहण्यासारखे आहे. मिरची अमेरिका खंडातली. काजू ब्राझीलचा. अननस, पपई, पेरू, लाल भोपळा ही सारी समुद्रापलीकडची मंडळी. सोळाव्या शतकापूर्वीच्या कोकणी बाईला ओल्या काजूची उसळ ठाऊक नव्हती आणि तिच्या आमटीत तिखटपणा होता तो मिऱ्याचा. उलट फणस, कोकम आणि तिरफळ ही सह्याद्रीची स्वतःची लेकरे. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या ग्रंथात नारळ, फणस आणि आंब्याबरोबर कोकमाचीही नोंद आहे. आंबा मूळचा आपलाच, पण कलमे बांधण्याची विद्या पोर्तुगीजांनी वाढवली आणि हापूस हे नाव आफोंसो द आल्बुकर्क याच्यावरून आले, असे मानले जाते. ज्या हापुसाला 2018 साली सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्यासाठी आपण बाजारात हात आखडता घेतो, त्याचे नाव असे परके आहे. म्हणून कोकणी जेवण म्हणजे शुद्ध प्राचीन जेवण, असे कुणी सांगू लागले तर आपण गालातल्या गालात हसावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. कोकणच्या जेवणात दुधाची जागा नारळाने का घेतली?

रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या कराडास त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. एवढे पाणी असलेल्या मुलखात गवताचा दुष्काळ का असावा? पण तिथली जमीन पाहिलेल्यांना कारण कळेल. वर जांभा दगडाचा कातळ, उतारावर पातळ माती. पावसात सगळे हिरवेगार होते आणि मार्गशीर्ष उलटला की करपून जाते. त्या चाऱ्यावर जनावर जगते, पण दुधाने भरत नाही. कोकणातली गाय लहानखुरी. ती शेतासाठी बैल देते, वासराच्या तोंडचे थोडे दूध देते, आणि तेवढ्यावर भागवावे लागते. नारळ मात्र खाऱ्या वाऱ्यात, पुळणीच्या वाळूत उभा राहतो आणि बारा महिने फळ देतो. त्याचे खोबरे वाटावे, पिळावे, आणि जे पांढरे निघेल त्याला दूधच म्हणावे. त्यात आमसुलाचा आगळ घातला की सोलकढी झाली. म्हणजे ताकाची गरज उरली नाही. त्यात गूळ घातला की शिरवळ्यांबरोबर, खापरोळीबरोबर खायचा रस झाला. म्हणजे बासुंदीची गरज उरली नाही. वाटण घातले की काळ्या वाटाण्याच्या आमटीला अंग आले. आपण हिला कोकणची चव म्हणतो; ती अडचणीतून काढलेली वाट होती.

दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे, आणि त्याचा संबंध उन्हाशी आहे. आपण पर्यटक कोकणात जातो ते उन्हाच्या दिवसांत. निळा समुद्र, झगझगीत वाळू, हे आपल्या डोळ्यांपुढचे कोकण. पण कोकणचा स्वयंपाक घडला तो पावसाने. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. होड्या शाकारलेल्या, मासेमारी थांबलेली. मुंबईची आगबोट बंद. घाटातून येणारे बैलांचे तांडे थांबलेले. हा बंद किती कडक होता याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आत्मवृत्तात सांगितले आहे की 1875 साली दापोलीजवळच्या मुरुडहून सरकारी परीक्षेसाठी ते भर पावसात, डोंगर तुडवीत, चालत साताऱ्यास आले. आणि इथे आल्यावर अंगाने लहान दिसतो, वय भरलेले दिसत नाही, म्हणून परीक्षेला बसू दिले नाही! अण्णांच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. मी ती आज दळणवळणाचे उदाहरण म्हणून सांगतो. जिथून परीक्षेला जाणारा मुलगा बाहेर पडताना असे हाल सोसतो, तिथे चार महिने धान्य, मीठ आणि भाजी आत कोण आणणार?

म्हणून चैत्र-वैशाखात कोकणातली बाई ऊन साठवीत असे. रातांबे फोडून सालींना त्यांच्याच रसाची पुटे द्यायची आणि पुन्हा पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे आमसूल तयार होते. आंब्याची साठे घालायची, फणसाची पोळी ताटांवर पसरायची. पापड, सांडगे, मिरगुंडे. कुळीथ आणि वाल निवडून भरायचे. फणसाच्या आठळ्या मातीत घोळून ठेवायच्या, म्हणजे श्रावणातल्या भाजीत पडतात. लाकूडफाटाही तेव्हाच भरायचा. या सगळ्याला ते लोक आगोटीची बेगमी म्हणतात. मग पाऊस लागला की कुळथाची पिठी, नाचणीची आंबील, भाताची पेज, अंगणात आपोआप उगवलेला टाकळा आणि कुर्डू, परसातले अळू. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. माझ्या नातीचे पुस्तकी व्रत या घरांतून वर्षाचे चार महिने, कुणी नाव न देता, पाळले जात होते.

मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. किनारा हा मुख्यतः मासे खाणाऱ्यांचा आहे. कोळी, गाबीत, भंडारी, दालदी यांची चूल मासळीवर चालते, आणि आगोटीच्या बेगमीत सुक्या मासळीच्या टोपल्याही असतात. तेव्हा कोकणचे जेवण म्हणजे शाकाहार, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की मासळी बाजूला ठेवली तर जे उरते ते घाटावरच्या शाकाहारापेक्षा दुधावाचून अधिक चांगले चालते.

या ताटात आपला, म्हणजे कराड-पाटणच्या लोकांचा, वाटा कोणता? उकडीचा मोदक घ्या. तांदूळ कोकणचा, नारळ कोकणचा. पण गूळ? ऊस पिकवणारा मुलूख आपला. गूळ, मिरची, हळद, कडधान्य घाटावरून बैलांच्या पाठीवर खाली जाई आणि मीठ, नारळ, सुपारी, आमसूल, सुकी मासळी वर येई. चिपळूणजवळचे गोवळकोट बंदर या व्यापारावर जगले. इंग्रजी अमलात कुंभार्लीचा गाडीरस्ता झाला तेव्हा वाहतूक वाढली, आणि देशावर पुणे-मिरज लोहमार्ग झाल्यावर आपला माल मुंबईकडे दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. चिपळूणचा हा व्यापार तेव्हापासून उतरणीला लागला. मोदकाचे सारण मात्र तसेच राहिले. अर्धे वरचे, अर्धे खालचे.

झाडांविषयी एक शब्द. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. आंबे, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यातला आशय आहे. झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, बळजोरी करू नये. अठराव्या शतकाच्या आरंभीचा राज्यकर्ता आरमाराच्या निकडीतही कुळाच्या फणसाची काळजी करतो. पुढे 1972 साली दापोलीस कृषी विद्यापीठ निघाले, त्याआधी 1957 साली वेंगुर्ल्यास फळ संशोधन केंद्र. कलमे सुधारली, काजू वाढला. हे चांगलेच झाले. पण आज रस्त्याकडेच्या जमिनीला जो भाव येतो आहे, त्यापुढे म्हाताऱ्या फणसाचे मोल कुणी विचारीत नाही. चिपळूण-गुहागर वाटेवर मी तोडलेले बुंधे मोजू लागलो आणि थोड्या वेळाने मोजणे सोडून दिले.

आता आमच्या प्रवासाचे सांगतो. कोयनानगर मागे टाकून घाट उतरताना नातीला मी पोफळीची दिशा दाखवली. 1962 साली तिथे वीज सुरू झाली तेव्हापासून कोयनेचे पुष्कळसे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेस उतरते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. आपल्या प्रीतिसंगमावर यावयाचे पाणी दाभोळच्या खाडीत जाते. महिकाने बैलांवरून केला तो प्रवास आता नदी करते आहे.

पहिल्या दिवशी दुपारी समुद्राजवळच्या एका हॉटेलात बसलो. शाकाहारी काय आहे, म्हणून विचारले. उत्तर आले: पनीर. तीन प्रकारचे पनीर! समोर नारळांनी लगडलेली वाडी, आणि ताटात कुठल्या तरी शीतगृहातले पनीर. सोलकढी मागवली, तर त्यात रंग आणि ताक. माझा इतिहासाचा भरवसा डळमळला तो इथे. पोरगी सुका भात आणि लोणचे खाऊन उठली, पण मला एका शब्दाने बोलली नाही. ते मला अधिक लागले.

संध्याकाळी ओळखीने गुहागरात एका आजीबाईंच्या घरी उतरलो. नारळी-पोफळीची जुनी वाडी, मुलगा मुंबईस. नातीने भीतभीत आपले व्रत सांगितले. आजी म्हणाल्या, ‘अगं, मग त्यात काय एवढं? बस पाटावर.’ आणि केळीच्या पानावर घावन आले, ओल्या काजूची उसळ आली, कोवळ्या फणसाची कुयरीची भाजी, आमसुलाचे सार, भात, आणि शेवटी नारळाचा गोड रस घालून शिरवळ्या. दुधाचा थेंब नाही. पोरगी पोटभर जेवली आणि मनापासून स्तुती करू लागली. किती शहाणे होते हो जुने लोक, वगैरे.

आजींनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘शहाणपण कसलं बाळ? घरात अकरा माणसं आणि एक गाय. ती भाकड झाली की चहाला सुद्धा नसायचं. सासूबाई दूध ठेवायच्या ते आजाऱ्याला नि बाळंतिणीला. आम्ही पेज प्यायलो. तुझं व्रत आहे, आमचा नाइलाज होता. आणि हे खोबरं वाटून वाटून माझा हा खांदा गेला, तो काही परत यायचा नाही.’

श्रोतेहो, इतकी वर्षे मी कोकणच्या जेवणाचे गुणगान करीत आलो. या खांद्याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. नात गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाट्यावर बसली होती, आणि आजी पलीकडे बसून तिला हात कसा चालवावा ते दाखवीत होत्या. वाटण काही जमले नाही. जाडेभरडे झाले. पण त्या दिवशी आम्ही समुद्रावर जायचे राहूनच गेलो, कारण रातांबे पडून होते, फोडायला घरात दुसरे माणूस नव्हते, आणि ऊन चांगले होते. तीन-चार वर्षे आजी रातांबे झाडाखालीच विकून टाकीत होत्या. आमसूल बाजारातून आणीत होत्या. आम्ही तिघे-चौघे अंगणात बसून जांभळ्या हातांनी फोडीत राहिलो.

निघताना त्यांनी एक डबा दिला. आमसुले अजून पुरती वाळली नव्हती; घरी गेल्यावर चार उन्हे द्या, म्हणाल्या. मी पैसे काढले तसा त्यांनी हात मागे घेतला. ‘पैसे नकोत. पुढच्या खेपेला येताना तुमच्याकडचा गूळ आणा. इकडे मिळतो त्यात साखरच जास्ती लागते मेली. मोदक चांगले होत नाहीत.’

या वर्षी पाटण भागातल्या एका गुऱ्हाळावर सांगून ठेवले होते. दोन ढेपा घरी येऊन पडल्या आहेत. नातीची परीक्षा येत्या शनिवारी संपते, आणि रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही घाट उतरणार आहोत.